मैत्रिणीच्या मुलीची पहिली लोहडी आहे. हा सण नक्की काय असतो आणि सोबत काय न्यावं?

तुमच्या ऑफिसमधल्या पंजाबी मैत्रिणीने लेकीच्या पहिल्या लोहडीला बोलावलंय, हे वाचून लगेच लिहायला बसले. जरूर जा. आम्ही चार वर्षं लुधियान्याजवळच्या एका गावात भाड्याने राहत होतो. माझी मुलगी तिथलीच, आणि तिची पहिली लोहडी आमच्या घरमालकीणबाईंनी, म्हणजे बीजींनी, स्वतःच्या नातीची करावी तशी केली.

लोहडी 13 जानेवारीला संध्याकाळी असते, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या भोगीच्याच दिवशी. पंजाबी महिने सूर्यावर चालतात. पोह महिन्याची ही शेवटची रात्र, दुसऱ्या दिवशी माघ लागतो आणि त्या दिवसाला माघी म्हणतात. तीच आपली संक्रांत.

तुम्ही 'सुगीचा सण' असं लिहिलंय. ते खरं आहे, पण सुगी कशाची हे नीट सांगायला हवं. जानेवारीत पंजाबात गहू अजून कोवळा, हिरवागार असतो. तो कापणीला येतो एप्रिलमध्ये, वैशाखीच्या सुमाराला. लोहडीला शेतातून निघत असतो तो ऊस. गावोगाव गुऱ्हाळं लागलेली, नव्या गुळाचा वास रस्त्यापर्यंत येतो. तीळ, भुईमूग, मका आधीच घरात आलेला असतो. शेकोटीत पडतं ते हेच आणि ताटात येतं तेही हेच.

दिवस मावळला की गल्लीच्या तोंडाशी रचलेली लाकडं आणि गोवऱ्या पेटवतात. बाहेर इतकं दाट धुकं असतं की समोरच्या घराचा दिवा पुसट दिसतो. पोटाला धग लागत असते आणि पाठ गारठलेली. सगळे जाळाभोवती फिरतात आणि तीळ, रेवड्या, शेंगा, मक्याच्या लाह्या आत टाकतात. तीळ पडले की तड तड आवाज येतो. टाकताना म्हणायचं, 'ईशर आए, दलिद्दर जाए, दलिद्दर दी जड़ चुल्हे पाए.' घरात समृद्धी येवो, दारिद्र्य जावो, दारिद्र्याचं मूळच चुलीत जळो. तुम्हीही मूठभर तीळ घेऊन हे म्हणा, त्यांना फार बरं वाटेल. मग ढोल, गिद्धा म्हणजे बायकांचा टाळ्यांवरचा नाच, आणि मक्याची रोटी नि सरसोंचं साग.

त्याआधीचे काही दिवस मुलं घरोघर लोहडी मागत फिरतात. कुणी शेंगा देतं, कुणी पैसे. काहीच मिळालं नाही तर दारातच ओरडतात, 'हुक्का भई हुक्का, एह घर भुक्खा!' त्यांचं मुख्य गाणं मात्र नीट ऐका. त्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी सगळे मिळून 'हो!' म्हणतात, आणि ते दुल्ला भट्टीचं आहे. हा अकबराच्या काळातला बंडखोर, आज पाकिस्तानात असलेल्या पिंडी भट्टियांचा. त्याला लाहोरला फाशी दिली आणि त्याची कबर लाहोरच्या मियानी साहिब कबरस्तानात दाखवतात. लोककथा अशी, की सुंदरी आणि मुंदरी या दोन मुलींवर अंमलदाराची नजर पडली, तेव्हा दुल्ल्याने त्यांना सोडवलं, रानात जाळ पेटवून त्यांची लग्नं लावली आणि बापाच्या जागी उभा राहिला. मुसलमान दुल्ला आणि हिंदू मुली. द्यायला जवळ काहीच नव्हतं, म्हणून त्याने ओटीत शेरभर शक्कर घातली, अशी ओळ गाण्यात आहे. आपल्याला शक्कर म्हटलं की साखर वाटते. पंजाबीत शक्कर म्हणजे गुळाची भुकटी. त्या दिवसात गरिबाच्याही घरी असणारी वस्तू. मला हे कळलं तेव्हा ती ओळ एकदम वेगळी ऐकू यायला लागली.

ज्या घरात वर्षभरात नवी सून आली किंवा बाळ झालं, त्या घरची लोहडी मोठी. ते घर नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना शेंगा, रेवडी, गच्चक वाटतं. गच्चक म्हणजे आपल्या चिक्कीसारखी. पण बाळ म्हणजे मुलगा, हीच पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मुलगी झाली तर लोहडी वाटत नसत. अलीकडे पंजाबात 'धीयां दी लोहडी', म्हणजे लेकींची लोहडी, मुद्दाम साजरी करतात. तुमच्या मैत्रिणीचं आमंत्रण म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या गल्लीत मुलीसाठी शेंगा वाटणाऱ्या बीजी पहिल्याच. एका शेजारणीने विचारलं, 'मुलगी झाली ना हिला?' बीजी शेंगांच्या पोत्यातून हात न काढता म्हणाल्या, 'गाणं मुलींचं गाता, मग लोहडी तेवढी मुलाची कशी?' आणि तिच्या ओढणीत ओंजळभर शेंगा टाकल्या.

त्याच रात्री चुलीवर उसाच्या रसात तांदूळ शिजत घातले होते. ही रसाची खीर रात्री शिजवायची आणि माघीला सकाळी खायची. 'पोह रिद्धी, माघ खाधी' असं म्हणतात, म्हणजे पोहात रांधली, माघात खाल्ली. सकाळी ती घट्ट, तपकिरी झालेली असते, वर गार दही घालतात. बोलावणं सकाळचंही असेल तर खीर चुकवू नका.

माघीचंही एक सांगते. त्या दिवशी मुक्तसरला मोठी जत्रा भरते. 1705 च्या लढाईत गुरू गोविंदसिंगांसाठी तिथे चाळीस शीख लढून मेले, त्यांना 'चाली मुक्ते', म्हणजे मुक्ती मिळालेले चाळीस, म्हणतात. गुरूंना सोडून गेलेल्या या माणसांना परत रणात आणलं ते माई भागोने, आणि ती स्वतःही लढली. पुढे ती गुरूंबरोबर आपल्या नांदेडला आली. हजूर साहिबला तिच्या नावाचा बुंगा, म्हणजे निवासाची वास्तू, आहे.

आता न्यायचं काय. बाळाला कपडे, लोकरीचे असतील तर उत्तम, आणि एक डबा तिळगूळ. पण माझं ऐकाल तर हलव्याचे दागिने न्या. बाळाचं बोरनहाण आणि ही पहिली लोहडी मला सख्ख्या बहिणी वाटतात. माझ्या आईने नाशिकहून दागिने पार्सलने पाठवले होते. जाळापाशी बीजींच्या मांडीवर मुलगी बसली होती, अंगात लाल स्वेटर आणि वर पांढरा हलव्याचा हार. गल्लीतल्या बायका एकेक करून तो हार बोटांनी चाचपून बघत होत्या. त्यात तीळ आहेत हे कळल्यावर बीजींनी एक दाणा तोडून घेतला, मुलीवरून ओवाळला आणि जाळात टाकला.