‘सगळं जमलं की लिहीन’ म्हणणारीस

प्रश्न : मॅडम, मी मराठीत पीएच.डी. करते आहे, नोंदणी 2023 ची. विषय ‘विदर्भातील मराठी नियतकालिके : 1900 ते 1960’. सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, दुपारी वाचनालयं पालथी घालते, संध्याकाळी घर आणि चार वर्षांचा मुलगा. मोबाइलमध्ये जुन्या अंकांचे हजारो फोटो आहेत, पण प्रकरण एकही पूर्ण नाही. गाइड सर म्हणतात, ‘आधी सगळं साहित्य जमवा.’ सहामाही सादरीकरणाला तीच पीपीटी तारीख बदलून दाखवते. सासरी विचारतात, ‘अजून नाही का झालं?’ सोडून द्यावंसं वाटतं. काय करू?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते. विद्यार्थिनींना अहो-जाहो करणं मला कधी जमलं नाही.

सोडायचं की धरायचं ते मागाहून बघू. आधी तो विषय बघ ना! 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, 1956 पर्यंत आपलं नागपूर राजधानी, मग द्विभाषिक मुंबई राज्य, अन् 1960 मध्ये महाराष्ट्र. या सगळ्या उलथापालथीतली नियतकालिकं एका प्रबंधात कोंबलीस तर नावांची यादी होईल, संशोधन नाही. विषय मंजूर करताना टेबलाभोवतीच्या कोणीतरी हे बोलायला हवं होतं. पण लांबरुंद शीर्षक कानाला भारदस्त लागतं, त्यामुळे सगळे माना डोलावतात.

तेव्हा छाटायला लाग. माझं ऐकशील तर नागपूरचे दलित चळवळीतले संपादक किसन फागुजी बनसोडे यांच्या पत्रांपुरतीच राहा. ‘निराश्रित हिंद नागरिक’ 1910 चं, ‘विटाळ विध्वंसक’ 1913 चं, ‘मजूर पत्रिका’ 1918 ची, ‘चोखामेळा’ 1931 चं. डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला जानेवारी 1920 मध्ये. त्याच्या आधी नागपुरात हा माणूस एकामागून एक पत्रं काढत होता. ही पत्रं वाचणारे कोण होते, वर्गणी कोण भरत होतं, अन् एक बंद पडलं की दुसरं काढायचं बळ कुठून येत होतं? एवढ्या प्रश्नांवर प्रबंध उभा राहतो. अंक सलग मिळणार नाहीत, ते धरूनच चाल. समकालीन पत्रांनी त्यांच्यावर काय लिहिलं ते शोध. इंग्रज सरकार देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे करून घेत असे, तेही चाळ. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या उघडतं, मुलगा झोपल्यावर बघता येईल.

आता त्या हजारो फोटोंचं. अर्ध्याअधिक फोटोंत अंक कुठला, महिना कुठला हे आज तुलाही सांगता येणार नाही, पैज लावते. यापुढे बांधीव खंड उघडलास की पहिला फोटो मुखपृष्ठाचा, वर्ष आणि अंक दिसतील असा. दुसरा शेवटच्या पानाच्या तळाचा. तिथे बारीक टायपात एक ओळ असते : मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, छापखाना अमुक ठिकाणी. 1867 च्या कायद्याने ती छापणं सक्तीचं होतं. सगळे जण ती ओळ सोडून लेखाकडे धावतात. पण एखादं पत्र नागपूरच्या महाल भागातल्या छापखान्यातून उठून इतवारी भागात गेलं, तर का गेलं? पैसे थकले, की मालकाला मजकूर झेपेना? त्या ओळीवरून अख्खा परिच्छेद निघतो. मग जाहिराती. लेख त्यानंतर. त्याच संध्याकाळी फाइलला नाव दे : पत्र, वर्ष, महिना, पान. अन् मे महिन्यात वाचनालयात कूलरसमोरची खुर्ची धरायला सगळे धावतात, तू जुना अंक घेऊन तिथे बसू नकोस. त्या ओल्या हवेने कागद आणखी मरतो. आधीच पान उलटलं की कोपऱ्याचा चुरा मांडीवर पडतो.

सरांशी भांडू नकोस. ‘प्रकरण चालू आहे’ असं तोंडी सांगितलं की कोणताही गाइड ‘हो हो, चालू द्या’ म्हणतो. पंधरा पानं छापून हातात दे, तीच ईमेलनेही पाठव आणि वाचून कधी मिळतील ते विचार. पानं समोर आली की माणसाला काहीतरी म्हणावंच लागतं. पुढच्या सादरीकरणात विषय आक्रसण्याचा मुद्दा समितीपुढे मांड आणि इतिवृत्तात नोंदवून घे. शीर्षकबदलाचा अर्ज कसा करायचा ते विद्यापीठाच्या पीएच.डी. कक्षात विचार, कॅन्टीनमध्ये नको.

मुदतीचं म्हणशील तर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांत सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, अन् स्त्रियांना त्यावर दोन. संपूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजाही मिळते. (ही रजा संशोधनापुरती. तासिकांचं मानधन त्या दिवसांत कोणी देत नाही, हे मुद्दाम सांगते.) सासरी हे आकडे सांगून टाक, निदान विचारणं कमी होईल.

सोडणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. तासिका तत्त्वावर पोट भरत, घर बघत हे करणं सोपं नाही, आणि सोडून सुखात असलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. पण तुझं मूळ पत्र बरंच लांब होतं, इथे छापलंय ते त्यातलं थोडंसं. गाळलेल्या भागात एका विणकराने संपादकाला लिहिलेल्या पत्रावर तू दीड पान लिहिलं आहेस, त्याची भाषा, त्याचा राग, खाली सही करताना त्याने आपल्या पेठेचं नाव का घातलं असेल ते. कंटाळलेलं माणूस असं लिहीत नाही. ते दीड पान वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घे आणि सरांना द्यायच्या पंधरा पानांची सुरुवात तिथून कर. संदर्भ नंतर लावता येतात.

प्रश्न : इतिहासात पीएच.डी. करतो आहे. ‘आंतरराष्ट्रीय जर्नल, आठ दिवसांत प्रकाशन’ असा मेसेज रोज येतो, फी भरायची असते. सगळे मित्र भरतात. भरू का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : नका भरू. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही अट 2022 च्या नियमांतून यूजीसीने काढली आहे. मान्य जर्नलांची ‘केअर’ यादीही यूजीसीने 2025 मध्ये बंद केली, तेव्हा ‘केअर लिस्टेड’ म्हणून कोणी गळ घातली तर हसून सोडून द्या. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची काही अट आहे का, तेवढं पीएच.डी. कक्षात विचारून घ्या. आठ दिवसांत छापणाऱ्याने तुमचा लेख वाचलेला नसतो. वाचून घ्यायचा असेल तर विभागातल्या तुमच्या सर्वांत खडूस प्राध्यापकांना द्या, ते फुकट वाचतील.