कम्युनियनच्या रांगेतून मागे फिरते

«मी एकोणीस वर्षं आमच्या चर्चमध्ये दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. आठ महिन्यांपूर्वी माझ्या वर्गातल्या तेरा वर्षांच्या मुलीनं मला सांगितलं, की सहायक फादर तिला साक्रिस्तीत, म्हणजे अल्तारशेजारच्या फादरांच्या तयारीच्या खोलीत, एकटीला थांबवून घेतात आणि नको तसा हात लावतात. मी त्याच संध्याकाळी मोठ्या फादरांकडे गेले. ते म्हणाले, ‘बाई, आम्ही आतल्या आत बघतो. चर्चची आणि त्या पोरीचीही बदनामी नको.’ पंधरा दिवसांत त्या फादरांची बदली झाली. निरोप समारंभात शाल-श्रीफळ दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा वाजवल्या. तेव्हापासून मी कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या, रांगेत उभी राहते आणि अल्तारजवळ, वेदीजवळ, पोचले की मागे फिरते. कुमसाराला, फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, गेलेले नाही. माझ्या नातवाचा बाप्तिस्मा त्याच हातांनी झाला, तो खरा मानायचा का? नवरा म्हणतो, सोडून दे. सासूबाई म्हणतात, फादरांच्या वाटेला जाऊ नये, तळतळाट लागतो. माझी श्रद्धा संपली का? दुसऱ्या चर्चला जाऊ का?»

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि टाळ्यांच्या वाक्यापाशी तिन्ही वेळा थांबले. पत्रावर ना नाव, ना गाव. ते असतं, तर हे उत्तर लिहिण्याआधी मी स्वतः पोलिसांना कळवलं असतं, कारण ही गोष्ट कळल्यावर कायद्यानं मलाही गप्प राहता येत नाही.

तुम्ही विचारलंय ते तुमच्या श्रद्धेबद्दल. त्याकडे येते, पण आधी त्या मुलीबद्दल बोलू द्या. पहिल्या काही ओळींनंतर ती तुमच्या पत्रात पुन्हा येतच नाही. तिच्या आईवडिलांना कळलंय का? ती अजून वर्गाला येते का? त्या टाळ्या वाजत होत्या तेव्हा ती हॉलमध्ये होती का? आणि तो माणूस आज दुसऱ्या कुठल्यातरी धर्मग्रामात आहे. तिथेही साक्रिस्ती आहे, आणि मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, मदत करणारी लहान मुलं आहेत.

मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं, की मुलावर असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, त्यानं ते पोलिसांना कळवायलाच हवं. ते शिक्षकाला, शेजाऱ्याला, फादरांना, सगळ्यांनाच लागू आहे. मोठ्या फादरांना सांगितलं म्हणजे पोलिसांना सांगितलं असं होत नाही. न कळवणं हाही गुन्हा आहे. कलम २१खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हे वाचून तुमच्या पोटात गोळा येईल, मला कळतंय. उशीर झालाय हे खरंच आहे. म्हणून तर आणखी एक दिवसही दवडू नका. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही, हेही कलम १९मध्येच लिहिलंय. जाताना ओळखीच्या वकीलबाई सोबत असतील तर उत्तम. पोलीस ठाण्याची भीती वाटत असेल, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला आधी फोन करा.

मुलीचं काय होईल, ही तुमची खरी धास्ती असणार. तिला कुठल्याही कारणानं रात्री चौकीत थांबवून ठेवता येत नाही. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तिची ओळख उघड करायला बंदी आहे, तेव्हा गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यातला एक शब्दही जाता कामा नये. तुम्ही तिला पुन्हा खोदून काही विचारू नका. तेव्हा ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारखेसकट कागदावर उतरवून ठेवा. आईवडिलांशी आधी बोलणं योग्यच, पण ते नको म्हणाले म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही.

आता ‘आतल्या आत बघतो’ या वाक्याबद्दल. ताई, हे वाक्य चर्चच्या स्वतःच्या नियमांतही बसत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ हा आदेश काढला आणि २०२३ मध्ये तो कायमचा केला. असं काही कानावर आलं तर ते वरिष्ठांना ताबडतोब कळवणं त्यानुसार प्रत्येक धर्मगुरूला बंधनकारक आहे, आणि तक्रार करणाऱ्याला गप्प बसायला सांगता येत नाही. तेव्हा पोलिसांकडे गेल्यानंतर बिशपांनाही लेखी कळवा, पोच घ्या. फक्त बदलीनं काय होतं, ते अमेरिकेतल्या बोस्टननं दाखवून दिलंय. तिथे वर्षानुवर्षं असे धर्मगुरू एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये पाठवले गेले; २००२ मध्ये ते वर्तमानपत्रात आलं आणि डिसेंबरात तिथले आर्चबिशप कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावं लागलं. ज्या बदनामीला सगळे भीत होते ती शेवटी झालीच. मधल्या वर्षांत आणखी कितीतरी मुलं भरडली गेली.

मीही अशाच घरात वाढले, ताई. फादर येणार म्हटलं की आई कपाटातले काचेचे कप काढायची, एरवी त्यांना हात लावायची मुभा नव्हती. वडील खुर्चीतून उठायचे ते फादर जाईपर्यंत पुन्हा बसायचे नाहीत. त्यात माया होती, मी ती नाकारत नाही. पण त्याच घरात एखाद्या मुलीनं फादरांबद्दल काही सांगितलं असतं, तर तिच्यावर कुणाचा विश्वास बसला असता? २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या श्रद्धावंतांना पत्र लिहिलं. धर्मगुरूंना सगळ्यांच्या वर बसवण्याची ही वृत्ती धर्मगुरू जोपासतात तशी प्रापंचिक, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे साधे श्रद्धावंतही जोपासतात, असं त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलंय. ते कप आठवले की मला ते पटतं.

सासूबाईंना सिएनाच्या संत कॅथरीनची गोष्ट सांगा. रंगाऱ्याची मुलगी, मठात न राहिलेली, चौदाव्या शतकातली. तिनं खुद्द पोप अकरावे ग्रेगरी यांना खडसावणारी पत्रं लिहिली. तिला तळतळाट लागला नाही. १९७० मध्ये चर्चनं तिला ‘चर्चच्या आचार्या’ हा मान दिला. चर्चच्या हिताचं जे वाटतं ते धर्मगुरूंना सांगणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, कधीकधी कर्तव्यही आहे, असं चर्चच्या कायद्यातच, कॅनन २१२ मध्ये आहे.

नातवाचा बाप्तिस्मा खरा आहे, अगदी निश्चिंत राहा. हा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत पेटला होता. धर्मगुरू पापी असेल तर त्यानं दिलेला संस्कार फुकट, असं तिथला दोनातवादी नावाचा ख्रिस्ती गट म्हणे. संत ऑगस्टीननं उत्तर दिलं, की ख्रिस्ताचा विश्वासघात करणाऱ्या यहूदानं बाप्तिस्मा दिला तरी तो देणारा ख्रिस्तच असतो. ही शिकवण तुमच्या नातवाचं रक्षण करण्यासाठी आहे. तिच्या आड त्या माणसाला लपवू पाहणारं कुणी भेटलं, तर ऐकून घेऊ नका.

आणि तुमची श्रद्धा. श्रद्धा संपलेली बाई दर रविवारी रांगेत उभी राहत नाही. मला वाटतं, तुम्हाला मागे फिरवतंय ते ओठांवर अडकलेलं तुमचं सत्य. म्हणून आज दुसऱ्या चर्चला गेलात तरी तिथल्या अल्तारपाशीही हेच होईल अशी मला भीती वाटते. आधी पोलिसांकडे जाऊन या. मग खुशाल शेजारच्या गावच्या मिस्साला जा, त्यात पाप नाही, रविवारचा नियम तिथेही पाळला जातो. कुमसाराला जायचं तर मोठ्या फादरांकडे नको, वेगळे फादर शोधा. पण कुमसारात सांगितलं म्हणजे तक्रार झाली, असं मात्र धरू नका.

धर्मगुरूंवरचा पूर्वीचा सरसकट विश्वास परत येईल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. तो परत यायलाच हवा असंही मला वाटत नाही. शेजारणीवर ठेवता तसा, वागणूक बघून एकेकावर ठेवा. चांगले फादर तुम्हाला भेटतील, आणि तुम्ही पोलिसांकडे गेलात म्हणून ते तुमच्यावर रागावणार नाहीत.

नवऱ्याला सांगा, सोडून दे म्हणण्याऐवजी माझ्यासोबत चला. आज संध्याकाळीच दोघं त्या मुलीच्या घरी जा. वर्गाचं, पुस्तकाचं निमित्त काढू नका. आईसमोर बसा, आणि मुलगी तिथे असेल तर आधी तिला सांगा, की तू तेव्हा सांगितलंस ते मी खरं मानलं होतं, आजही मानते, आणि मी गप्प बसले ते माझं चुकलं.