आवडीने इटालियन किती येतं?

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये वाढला, पहिली भाषा इंग्रजीच. ऑपेराच्या वेडापायी इटालियन शिकतो आहे. शब्द खूप येतात, बोलताना मात्र अडतो. आवड पुरेशी नाही का?

उत्तर : आवड रोज पुस्तक उघडायला लावते, चुका ती दुरुस्त करत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इटालियनला इंग्रजी भाषकांसाठी सोप्या गटात धरते, तरी पूर्णवेळ वर्गाचे किमान 24 आठवडे सांगते.

ऑपेराचं इटालियन जुनं, काव्यातलं. तिथे 'आल्मा' (आत्मा), 'स्पेमे' (आशा), 'कोरे' (हृदय); आज बोलतात 'आनिमा', 'स्पेरांत्सा', 'क्वोरे'. म्हणून तीन-चार मिनिटांचं एकच गाणं घ्यावं, जुने शब्द खोडून आजचे लिहावेत आणि न गाता ते मोठ्याने वाचावं. गाताना सूर स्वर ताणतो आणि जोडव्यंजनं, म्हणजे दुप्पट लांबणारी व्यंजनं, दबतात, हे शिक्षकही विसरतात!

खरी अडचण तीच. 'पाला' म्हणजे फावडं, 'पाल्ला' म्हणजे चेंडू. इंग्रजीत एका शब्दात व्यंजन दुप्पट लांबत नाही, त्यामुळे फरक कानालाच जाणवत नाही. घरात मराठी असेल तर 'पती' आणि 'पत्ती' म्हणायला लावा, लगेच कळेल. 'त'ही आपल्यासारखा दातांवरचा.

दुसरी चूक भूतकाळातली. 'मी गेलो' म्हणताना इंग्रजी सवयीने 'ओ आन्दातो' निघतं; 'ओ' म्हणजे इंग्रजीतलं 'हॅव'. जाण्यायेण्याच्या बहुतेक क्रियापदांना त्याजागी 'असणे' लागतं : 'सोनो आन्दातो', मुलगी असेल तर 'आन्दाता'. रोज अशी पाच वाक्यं बोलून ध्वनिमुद्रित करावीत, दुसऱ्या दिवशी ऐकावीत.