देवाला स्वतःची स्तुती एवढी का हवी असते? हा अहंकार नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात तुमच्या सोसायटीजवळ चर्च आहे, दर रविवारी तिथून तासभर देवाच्या स्तुतीची गाणी ऐकू येतात. सर्वशक्तिमान देवाला सतत ‘तू थोर, तू महान’ ऐकायची गरज का पडावी? तीन हात नाक्यावर स्वतःचे फ्लेक्स लावून घेणाऱ्या साहेबांत आणि त्याच्यात फरक काय? आणि उपासनेला न जाणाऱ्यावर तो रागावतो का?

गरज पडत नाही. बायबलमध्येच हे लिहिलंय, आणि तेही बऱ्यापैकी खवचटपणे. पन्नासाव्या स्तोत्रात देव अर्पणं आणणाऱ्या लोकांना म्हणतो की रानातले सगळे पशू माझेच आहेत, डोंगरांवरची हजारो गुरंही माझीच. मला भूक लागली तरी मी काही ते तुम्हाला सांगायला येणार नाही. येशूचा प्रेषित पौल अथेन्सला जातो तेव्हा अरीयपग नावाच्या टेकडीवर उभा राहून तिथल्या विद्वानांना हेच सांगतो: जो सगळ्यांना जीवन आणि श्वास देतो, त्याला माणसांकडून सेवा करून घ्यावी लागेल असं काही उणं नाही.

तुमची फ्लेक्सची उपमा मात्र मला आवडली. मी कळव्याची, ठाण्यात येता-जाता हे फ्लेक्स रोज बघते. त्यात साहेबांचा चेहरा मोठा असतो, पण पैसे खालच्या पासपोर्ट फोटोवाल्या शुभेच्छुकांनी भरलेले असतात. महापालिकेची तिकिटं वाटताना साहेबांना आपला फोटो आठवावा, एवढाच हेतू. साहेबांनी नेमकं काय केलं हे त्या फ्लेक्सवर कधीच लिहिलेलं नसतं. ‘कार्यसम्राट’ म्हटलं की झालं.

आता खरं सांगायचं तर आमच्या उपासनेचाही असा फ्लेक्स होऊ शकतो, आणि होतो. ‘प्रभू, तुझी स्तुती असो’ म्हणायचं आणि मनात मुलाचा व्हिसा. म्हणजे धोका तुम्ही म्हणता तो आहेच, फक्त तो देवाच्या बाजूला नसून आम्हा शुभेच्छुकांच्या बाजूला आहे. गंमत म्हणजे हे देवाला चांगलंच ठाऊक असल्याचं बायबल सांगतं. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला संदेष्टा आमोस घ्या. हा यहूदातल्या तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. तो उत्तरेकडच्या इस्राएलच्या राज्यात गेला तेव्हा तिथे सण दणक्यात चालले होते, गाणी होती, वीणा होत्या. आणि त्याच्या तोंडून देव म्हणतो, तुमच्या सणांचा मला तिटकारा आलाय, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, त्यापेक्षा न्याय पाण्यासारखा वाहू द्या. कारणही सांगतो: जोडाभर चपलांसाठी गरिबाला विकणारे हेच लोक, आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, कधी संपतोय नि खोट्या मापाने धान्य विकायला कधी बसतोय याची वाट बघणारेही हेच. स्तुतीला हपापलेला कोणी आपलं भजन असं मध्येच बंद पाडेल का?

मग स्तुती करायची तरी कशाची? माझ्या मते उपासनेचा अख्खा प्रश्न इथे येऊन थांबतो. निर्गमाच्या पुस्तकात मोशे देवाकडे एक मागणं मागतो: मला तुझं वैभव दाखव. देव उत्तर देतो, मी माझं सगळं चांगुलपण तुझ्यासमोरून चालवीन. मागितलं वैभव, दाखवलं चांगुलपण. पुढे देव स्वतःचं वर्णन करतो तेही असंच: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध (म्हणजे लवकर न रागावणारा), दयेने आणि सत्याने भरलेला. हे सगळं होतं ते लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याच्यापुढे नाच केल्यानंतर लगेचच. अपमान ताजा असताना. (त्याच दमात पुढे असंही येतं की तो दोषीला मोकळं सोडत नाही, वाडवडिलांच्या पापाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत विचारतो. आमची नवी गाणी पहिला भाग घेतात आणि हा सोडून देतात. मलाही तो पचायला जड जातो, पण गाळून टाकायचा अधिकार आम्हाला कोणी दिला?)

हीच ‘कृपाळू, मंदक्रोध’वाली ओळ योना हा संदेष्टा पाठ म्हणून दाखवतो, पण चक्क तक्रार म्हणून! देवाने त्याला निनवेला जायला सांगितलं, तर तो आधी पळूनच गेला होता. निनवे हे अश्शूरी लोकांचं शहर, म्हणजे शत्रूचं. देव त्यांना क्षमा करतो, आणि योना चिडून म्हणतो, मला माहीतच होतं, तू कृपाळू आहेस, मंदक्रोध आहेस, म्हणून तर मी आधी पळालो होतो. शत्रूवरही दया करणाऱ्या देवाची स्तुती करणं सोपं नसतं. फ्लेक्सवाले साहेब आपल्या वॉर्डाचे असतात म्हणून आपण त्यांचे. हा देव आपल्याच वॉर्डापुरता राहायला तयार नाही.

ठाण्याचे आहात म्हणून एक स्थानिक गोष्ट सांगते. इथलं सेंट जेम्स चर्च 1825 साली बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते उपासनेसाठी अर्पण झालं. पुढच्याच वर्षी ते त्रिचनापल्लीला (आजचं तिरुचिरापल्ली) वारले. जगभरच्या चर्चमध्ये त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) रविवारी देवाला तीनदा पवित्र म्हणणारं जे गीत गातात, ते याच हेबरांचं. मराठीतही आम्ही ते गातो. त्याचं मूळ यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. राजा उज्जीया मरतो त्या वर्षी यशयाला मंदिरात दर्शन होतं, सराफीम नावाचे स्वर्गीय दूत ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ अशी हाक देतायत, उंबरठे हादरतायत. यशया त्यांच्या सुरात सूर मिसळत नाही. तो म्हणतो, मेलो, माझे ओठ अशुद्ध आहेत आणि ज्यांच्यात मी राहतो त्यांचेही. मग वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लागतो, आणि शेवटी तो ‘मला पाठव’ म्हणून उभा राहतो. त्या दर्शनातून देवाला काय मिळालं ते सांगता येणार नाही. यशयाला काम मिळालं, तेही न ऐकणाऱ्या लोकांकडे जायचं.

तुम्हाला बाहेर फक्त गाणी ऐकू येतात, कारण स्पीकर गाण्यांनाच लावलेला असतो. आत बऱ्याच गोष्टी होतात. आमच्यासारख्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांत सुरुवातीलाच पापांगीकार, म्हणजे आपल्या पापांची कबुली, असतो. सगळे एकत्र, मोठ्याने. मग बायबलमधली वाचनं, संदेश, विश्वासांगीकार (आम्ही काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणणं), दान. मध्यस्थीच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं वाचतात, कोण सिव्हिलला अॅडमिट आहे, कोणाचं ऑपरेशन मंगळवारी आहे. कोणाची नोकरी गेलीय तेही मंडळीला तिथेच कळतं. स्तुती या सगळ्याच्या शेजारी बसते.

एक गोष्ट आम्ही कमी करून टाकलीय, ती म्हणजे रडणं. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी सरळ गाऱ्हाणी आहेत: परमेश्वरा, कोठवर मला विसरशील? अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर शेवटपर्यंत उजेडच नाही, काळोखावरच संपतं. तरीही ते उपासनेच्या पुस्तकात आहे. माझं आजोळ नगरचं. तिकडच्या जुन्या मंडळींना मयताच्या घरी ही स्तोत्रं तोंडपाठ म्हणताना मी ऐकलंय. आता कीबोर्ड, प्रोजेक्टर आले आणि सगळं आनंदी झालं. देवाच्या तोंडावर त्याला ‘झोपलास का?’ असं विचारणारी गाणी ज्याने आपल्या उपासनेत ठेवून घेतली, त्याला अहंकारी म्हणणं मला जमत नाही.

आणि आमच्या दृष्टीने शेवटचं उत्तर येशूमध्ये आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायात तो जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्यांच्यातल्या पेत्राला ते सहन होत नाही. माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस, म्हणतो. त्याचा देव फ्लेक्सवालाच होता, वर बसणारा. ‘मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही’, असं येशू त्याला सांगतो. आम्ही ज्याच्यापुढे गुडघे टेकतो त्यानेच आधी गुडघे टेकले होते, हा आमचा विश्वास. तुम्ही तो मानावा असा आग्रह नाही, पण आमची स्तुती ऐकताना ती कोणाची चाललीय एवढं तरी कळावं. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या संध्याकाळी कित्येक चर्चमध्ये पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, मंडळीतल्या काही जणांचे पाय धुतात. आमच्याकडे ज्यांची नावं ठरलेली असतात ते घरूनच पाय घासूनपुसून, नखं कापून येतात. पाळकांना धुवायला काही उरतच नाही. पेत्राचीच गत!

राहिला रागावण्याचा प्रश्न. गैरहजेरीवर देव रागावत असेल तर पावसाळ्यात मध्य रेल्वेच्या कृपेने आमची निम्मी मंडळी अडचणीत आहे. उपासना चुकवू नये असं मी म्हणेन, पण येशूने एक प्रसंग असा सांगितलाय जेव्हा उपासना सोडून जायचं असतं. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. देव थांबायला तयार आहे, भावाला थांबवू नये. आमच्याकडे दोन सख्खे भाऊ वडिलांच्या फ्लॅटवरून बोलत नाहीत. एक सकाळच्या मराठी उपासनेला येतो, दुसऱ्याने इंग्रजी उपासना धरलीय. दोघेही गातात छान.