होणाऱ्या नवऱ्याच्या काकांना स्किझोफ्रेनिया आहे. आमच्या मुलांना तो होईल का?

होणाऱ्या नवऱ्याच्या सख्ख्या काकांना स्किझोफ्रेनिया आहे म्हणून तुमच्या आत्या या लग्नाला विरोध करत आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. आत्यांचा उल्लेख वाचला, म्हणून उत्तर लिहीत आहे.

भास आणि भ्रम घडवणारा हा मानसिक आजार आयुष्यभरात शंभरात जेमतेम एकाला होतो. सख्ख्या भावंडाला असल्यास हे प्रमाण नऊच्या आसपास जाते, आणि एकबीज जुळ्यांपैकी एकाला असला तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याहून कमीच असते. शेकडो जनुकांचा त्यात थोडा थोडा वाटा असल्यामुळे चुलत आजोबांकडून तुमच्या मुलांपर्यंत येणारा धोका अगदीच किरकोळ राहतो.

माझ्या थोरल्या भावाला अभियांत्रिकी शिकत असताना हा आजार झाला. निदान होण्याआधीच आमच्या आत्याने निकाल दिला, की वहिनीने, म्हणजे माझ्या आईने, पोराला सतत धाकात ठेवले, त्याचे हे फळ. पुढे माझे जमत आलेले लग्न फिसकटले तेव्हा तिनेच वहिनीच्या माहेरचे रक्त तसले असल्याचे सांगितले. म्हणजे संस्कार असोत वा रक्त, दोष आईचाच. ही खोड केवळ आमच्या आत्याची नव्हे. १९४८ साली अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक बाईंनी अशा ‘आजार घडवणाऱ्या’ आईची कल्पना मांडली आणि ती पुराव्याअभावी बाद होईपर्यंत कित्येक आयांनी तो कलंक सोसला.

परिस्थितीचा वाटा असतो, पण तो आईच्या रागावण्यात नसतो. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडल्यामुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, आणि तिच्या ऐन भरात गर्भात आलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. प्रसूतीतील गुंतागुंत आणि कोवळ्या वयात नियमित ओढलेला गांजा यांमुळेही धोका वाढतो. भाऊ वसतिगृहात रोज गांजा ओढत असे. आत्याच्या लेखी तो मात्र पोरांचा चाळा. तुमच्या घरच्यांना चौकशीच करायची असेल, तर काकांना सोडून नवऱ्या मुलाच्या व्यसनांची करावी.

अर्थात गांजा ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही. शिवाय नवऱ्या मुलाच्या आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणाला तो असेल, तर वरचे गणित बदलते आणि दोघांनी मिळून मानसोपचारतज्ज्ञांना भेटणे योग्य ठरेल. तेथे जाताना आत्याबाईंना घरीच ठेवावे.