मोटारींच्या कसरती : खरे किती, दाखवलेले किती?

प्रश्न : केन ब्लॉक या रॅलीचालकाची एक ध्वनिचित्रफीत पाहिली. घाटासारख्या रस्त्यावर मोटार आडवी घसरत जाते आणि तिचे मागचे चाक क्षणभर कड्याबाहेर अधांतरी राहते. हे खरे असते, की संगणकाची करामत?

उत्तर : ती कसरत खरी आहे. २०१७ मधल्या त्या चित्रफितीतला रस्ता अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील पाइक्स पीक या पर्वताचा आहे. सुमारे २० किलोमीटर लांबीची आणि १५६ वळणांची ही वाट ४,३०० मीटरहून उंच शिखरापर्यंत जाते आणि तिच्यावर शंभराहून अधिक वर्षे शर्यती होत आल्या आहेत. ब्लॉक जागतिक रॅली स्पर्धांत उतरलेले चालक होते. जानेवारी २०२३ मध्ये बर्फावरच्या वाहनाच्या अपघातात त्यांचे निधन झाले. चित्रफितीतली त्यांची मोटार, म्हणजे फोर्ड कंपनीची १९६५ ची मस्टँग, नावापुरतीच जुनी होती, कारण तिचे इंजिन १,४०० अश्वशक्तीचे होते आणि ती शक्ती चारही चाकांना मिळत होती.

चाक अधांतरी असूनही मोटार दरीत का गेली नाही, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकते. समजा, चाकाखाली एक पंचमांश सेकंद जमीन नव्हती, तर पूर्णपणे निराधार वस्तूसुद्धा तेवढ्या वेळात केवळ २० सेंटिमीटर खाली येईल. इथे तर उरलेली तीन चाके जमिनीवर होती आणि पुढची दोन मोटारीला रस्त्याकडे ओढत होती. कठीण भाग होता तो मागचे चाक नेमके कुठे आहे हे न पाहता ओळखण्याचा.

मात्र प्रेक्षकाची फसगत होण्याची जागा निराळी असते. सलग वाटणारी चित्रफीत अनेक तुकड्यांची असते आणि जमलेला तुकडाच ठेवला जातो. ब्लॉक यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या २०१२ च्या चित्रफितीसाठी शहरातले रस्ते रहदारीला बंद करून चार दिवस चित्रीकरण झाले. यात खोटे काही नाही, पण चार दिवसांचे कौशल्य काही मिनिटांत पाहिले की चालक एकदाही चुकत नसावा, असा समज होतो.

जाहिरातींबाबत मात्र मी सावध राहीन. बीएमडब्ल्यूच्या २०१४ च्या एका जाहिरातीत मोटारी विमानवाहू जहाजाच्या डेकवर ड्रिफ्ट करताना, म्हणजे आडव्या घसरत जाताना दिसतात. तिथे चालवणे खरे होते, पण जमिनीवरचे, आणि जहाज संगणकावर रचलेले होते. २०१३ मध्ये पेप्सीच्या जाहिरातीत नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यतींचे विजेते जेफ गॉर्डन वेषांतर करून मोटारविक्रेत्याला भयंकर फेरी घडवतात. तो विक्रेता नट होता आणि अवघड चालवणे बहुतांशी एका कसरतचालकाने केले होते. म्हणजे एकीकडे जागा खोटी, तर दुसरीकडे स्टिअरिंगवरचा माणूस दुसराच.

याउलट प्रकारही घडतो. १९७४ च्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ या बाँडपटात मोटार मोडक्या पुलावरून उडी घेते आणि हवेत स्वतःभोवती पूर्ण वळसा घेऊन पलीकडे चाकांवर उतरते. ही उडी अमेरिकेतल्या कॉर्नेल प्रयोगशाळेत संगणकावर आधी गणिताने तपासली गेली, वजनाचा तोल साधण्यासाठी चालकाची जागा मोटारीच्या मधोमध आणली गेली आणि कॅमेऱ्यापुढे ती पहिल्याच प्रयत्नात साधली. पुढे चित्रपटात त्या प्रसंगावर शिट्टीचा विनोदी आवाज चढवला गेला आणि अस्सल कसरत पाहणाऱ्यांना लटकी वाटू लागली!

प्रश्न : काही चालक वेगात येऊन, हँडब्रेक ओढून, उभ्या असलेल्या दोन मोटारींच्या मधल्या जागेत गाडी आडवी घसरवत लावतात. त्यासाठी गाडी खास बनवलेली असते का?

उत्तर : गाडी बहुधा साधी, लहान आणि पुढच्या चाकांवर चालणारी असते, फेरफार थोडे, पण मोलाचे असतात. हँडब्रेक मागच्या चाकांना जाम करतो. फिरणारा टायर आडव्या घसरणीला विरोध करतो, जाम झालेला टायर जवळजवळ करत नाही. त्यामुळे गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते आणि पुढची चाके आसासारखी राहतात. शेपूट सहज सुटावी म्हणून मागच्या टायरांची पकड मुद्दाम कमी ठेवतात आणि ओढलेला दांडा अडकवून ठेवणारी हँडब्रेकची खाच काढून टाकतात, म्हणजे दांडा सोडताच चाके मोकळी होतात. बटणावर चालणारा इलेक्ट्रॉनिक ब्रेक या कामी निरुपयोगी ठरतो.

यात विक्रमही मोजले जातात. ब्रिटिश चालक ॲलिस्टर मॉफॅट यांनी २०१५ मध्ये मोटारीच्या लांबीपेक्षा अवघ्या ७.५ सेंटिमीटरने मोठ्या जागेत अशी गाडी लावली. तिथे दोन्ही बाजूंचे अंतर टेपने मोजावे लागत असल्याने संकलनाच्या कात्रीला वाव उरत नाही.