विंडोजवरून मॅकवर जाताना फोटोशॉप-लाइटरूम पुन्हा विकत घ्यावं लागेल का?

तुमची अडचण कळली: दादरला लग्नाच्या फोटोंचं काम, विंडोज पीसी जाऊन मॅक येतोय आणि परवान्याची धास्ती.

फोटोशॉप-लाइटरूम बनवणाऱ्या अडोबी कंपनीचं मासिक किंवा वार्षिक सबस्क्रिप्शन असेल तर पैसे पुन्हा भरायचे नाहीत. ते खात्याला जोडलेलं असतं, यंत्राला नाही. दोन संगणकांवर साइन-इन राहता येतं, म्हणून जुना पीसी विकण्याआधी त्यावरून आठवणीने साइन-आउट करा. मात्र सीएस६सारख्या जुन्या आवृत्तीचा एकदाच विकत घेतलेला विंडोजचा परवाना मॅकवर चालत नाही. त्यात जीव अडकवू नका.

खरी काळजी कॅटलॉगची, म्हणजे फोटो कुठे आहेत आणि त्यांत काय बदल केले याची नोंद ठेवणाऱ्या फाइलची घ्या. लाइटरूम क्लासिकची कॅटलॉग फाइल दोन्हीकडे तीच चालते, पण मॅकला ‘डी ड्राइव्ह’ ठाऊक नसतो. त्यामुळे उघडल्यावर फोल्डरांवर प्रश्नचिन्हं दिसतात. माझ्या पोटात तेव्हा गोळाच आला होता! फोटो गेलेले नसतात. सगळ्यात वरच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ने नवी जागा दाखवली की आतले फोल्डरही जागेवर येतात. म्हणून फोल्डरांची रचना आणि नावं अजिबात बदलू नका.

एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. नवी डिस्क दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीत फॉरमॅट करून तिच्यावर कॉपी घ्या. प्लगइन्सची (फोटोशॉप-लाइटरूमला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅम्सची) मॅक आवृत्ती वेगळी टाकावी लागते. प्रत्येकाचा परवाना आधी तपासा.

लग्नसराई संपेपर्यंत जुना पीसी विकू नका.